दोन मीटर पंखांचे विजेवरचे मोटर ग्लायडर : साताऱ्यातील वापर, देखभाल आणि दुरुस्ती

फोमचे, दोन मीटर पंखविस्ताराचे, विजेच्या मोटरवर चालणारे रेडिओ नियंत्रित मोटर ग्लायडर गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. ते घ्यावे का, अशी विचारणा साताऱ्यातून, कराडहून आणि अलीकडे सांगलीहूनही होऊ लागल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. एकाच साच्यातून निघालेली ही विमाने निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या लावून विकली जातात, त्यामुळे पुढे सांगितलेले गुणदोष नावापेक्षा साच्याचे आणि फोमचे आहेत. माझे मत आधीच सांगतो. उडण्याच्या बाबतीत हे विमान चांगले आहे, उत्कृष्ट म्हणता येणार नाही. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र त्याच्या तोडीचे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही, आणि लहानसहान सुट्या भागासाठी पुण्याकडे किंवा कुरिअरवाल्याकडे डोळे लावून बसावे लागणाऱ्या गावात ही दुसरी बाजूच अधिक मोलाची ठरते.

मोटर ग्लायडर म्हणजे लांब, अरुंद पंखांचे असे विमान, जे स्वतःच्या इंजिनावर जमीन सोडते, हवी ती उंची गाठते आणि मग इंजिन बंद करून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगत राहते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये साधी ग्लायडर विंचच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने ओढून वर चढवत आले आहेत. मोटर ग्लायडरला विंचही लागत नाही आणि ओढून नेणारे दुसरे विमानही लागत नाही. जर्मनीचे शायबे फाल्के आणि ग्रोब १०९, ऑस्ट्रियाचे सुपर डिमोना ही या जातीची, माणसे घेऊन उडणारी नावाजलेली विमाने. सुपर डिमोना इंजिन बंद असताना एक मीटर खाली येईपर्यंत सुमारे २७ मीटर पुढे सरकते. इतक्या निसटत्या विमानाला इंजिन बंद झाल्यावर समोर उघडा राहिलेला पंखा (प्रोपेलर) फार नडतो, कारण तो हवेला आडवा येतो. डिमोनात म्हणून पंख्याची पाती वळवून त्यांची कड वाऱ्याकडे करतात, काही ग्लायडरमध्ये पंखा पाठीतल्या कप्प्यात दडवण्याची सोय असते, आणि आपल्या फोमच्या विमानात पाती मागे मिटून नाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटतात. देखभालीतले पहिले दुखणेही नेमके इथेच आहे.

पाती मिटायची तर मोटर पूर्ण थांबली पाहिजे. त्यासाठी स्पीड कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती वीज जाईल हे ठरवणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये, ब्रेक नावाची एक सेटिंग असते. ती बंद असेल, तर थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी रिमोटवरची काठी, शून्यावर आणल्यावरही समोरून येणारा वारा पंख्याला फिरवत राहतो, पाती उघडीच राहतात आणि विमान झपाट्याने उंची गमावते. मी हे विमान पुण्यातील एका हौशी गृहस्थांकडून वापरलेले घेतले. ‘हे नीट तरंगत नाही’ एवढीच त्यांची तक्रार होती आणि त्यापायी ते विकायला निघाले होते. घरी आणून कंट्रोलर तपासला तर ब्रेक बंद निघाला. थ्रॉटलची काठी वर-खाली करून, बीप मोजत ही सेटिंग बदलता येते, पण बीप मोजण्याचा तो प्रकार इतका वैतागवाणा आहे की थोडे पैसे टाकून प्रोग्रामिंग कार्ड, म्हणजे कंट्रोलरला जोडून सेटिंग बदलण्याची छोटी पट्टी, घेणे केव्हाही बरे. ब्रेक चालू केल्यावर तेच विमान तरंगू लागले. त्यांना मी हे कळवले तेव्हा ते हसले, पण विमान परत मागितले नाही.

नव्याऐवजी वापरलेले घेण्याचे कारण पैशांपेक्षा उपलब्धतेचे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी ड्रोन तयार स्वरूपात किंवा जोडणीच्या संचाच्या स्वरूपात आयात करण्यावर बंदी घातली आणि सुट्या भागांना मुभा ठेवली. तेव्हापासून खोकाबंद परदेशी विमान हाती पडणे, माझ्या अनुभवाप्रमाणे, बेभरवशाचे झाले आहे. मोटर, कंट्रोलर, सर्वो (पंख-शेपटीवरचे हलते भाग काडीने ढकलणाऱ्या छोट्या मोटरी) आणि बॅटरी सहज मिळतात. मिळत नाहीत ते फोमचे साचेबंद भाग. म्हणजे पंख मोडला तर नवा पंख मागवू, हा हिशेब धरून हे विमान घेऊ नये. जो पंख आहे तोच जोडत राहायचा आहे.

आता उड्डाणाविषयी. बॅटरीसह वजन साधारण एक किलो भरते. तीन सेलची, ११.१ व्होल्टची आणि २२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण थ्रॉटलला सुमारे २५ अँपिअर प्रवाह देते. वीस टक्के बॅटरी राखून ठेवायची म्हटले तर मोटर एकूण चार मिनिटे चालते. हे ऐकून नवख्या माणसाचा विरस होतो, पण मोटर सलग चालवायचीच नसते. पंचवीस सेकंद चढायचे, थांबवायची आणि तरंगायचे, अशा दहाएक चढाया एका बॅटरीत होतात, आणि हवा साथ देत असेल तर प्रत्येक चढाईनंतर कितीतरी वेळ मोटरला हात लावावा लागत नाही.

हवा साथ केव्हा देते, याबाबत सातारा नशीबवान आहे. मार्च-एप्रिलमध्ये कोरेगावकडच्या पट्ट्यात काळ्या जमिनीची नांगरट झालेली असते आणि तिच्या शेजारीच पाणी दिलेला हिरवा ऊस उभा असतो. काळे रान तापते, ऊस गार राहतो आणि दोहोंच्या सीमेवरून गरम हवेचे लोट उठतात. घारी जिथे पंख न हलवता घिरट्या घेत असतील तिथे विमान न्यावे, यापेक्षा चांगले उपकरण बाजारात मिळत नाही. अशा लोटात शिरले की आधी एक पंख किंचित उचलला जातो. ज्या बाजूचा पंख उचलला जाईल त्या बाजूलाच वळायचे असते, आणि हे मोठे, मऊ पंखांचे विमान ती खूण इतकी स्पष्ट दाखवते की शिकणाऱ्याला दुसरे विमान सुचवावेसे वाटत नाही.

यवतेश्वरच्या पठाराबाबत मात्र सावध करणे भाग आहे. घाट चढून गेल्यावर शहराकडे तोंड करून असलेला कडा पाहिला की कोणालाही तेथून विमान सोडण्याचा मोह होतो. पण हा कडा पूर्वेकडे आहे आणि वर्षातील बराच काळ वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे पठार ओलांडून आलेला वारा तेथे खाली कोसळतो आणि भोवरे करतो. पश्चिमेच्या वाऱ्यात त्या कड्यावरून सोडलेले विमान पूर्ण थ्रॉटल देऊनही खाली ओढले जाते. पश्चिमेचा वारा असेल तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेला उतार शोधावा, आणि हिवाळ्यात पूर्वेची झुळूक असेल त्या दिवशीच हा कडा वापरावा. कास पठारावर उडवण्याचा विचार करू नये. ती जागा फुलांची आहे आणि तिथली बंधने योग्यच आहेत. पावसाळ्यातील वाऱ्याविषयी तर बोलायलाच नको. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर चालतात त्यात एक किलोचे फोम टिकत नाही.

या विमानाला चाके नाहीत. ते पोटावर उतरते. गवतावर ही गोष्ट सुखाची आहे, पण आपल्याकडचे माळ मुरमाचे आणि पठारे जांभ्या दगडाची, त्यामुळे पोटाचा फोम किसला जातो. यावर उपाय म्हणून पोटाखाली काचतंतूंची चिकटपट्टी, म्हणजे जड खोकी बांधायला वापरतात ती उभ्या धाग्यांची टेप, लांबीच्या दिशेने लावावी. ती झिजली की सोलून नवी लावता येते.

पोटावर उतरताना नाक जमिनीला टेकले की दणका मोटरच्या बैठकीला बसतो, आणि या साच्यातील सर्वांत कच्चा भाग कोणता असे विचाराल तर तो हाच. बैठक प्लॅस्टिकची आहे, चार स्क्रूंच्या भोकांपाशी तिला केसासारख्या चिरा पडतात आणि त्या रंगाखाली झाकल्या जात असल्यामुळे दिसत नाहीत. मोटर चालू असताना आवाजात थरथर येऊ लागली की पंख्याला दोष देण्याआधी बैठक तपासावी. मोटर हातात धरून चारी दिशांना हलवून पाहिली आणि स्क्रूपाशी चीर उघडताना दिसली की तेच निदान. नवी बैठक मिळेना म्हणून मी एमआयडीसीतील एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची चकती काढून घेतली. त्याने जुनी बैठक हातात फिरवून पाहिली, व्हर्नियरने भोकांमधील अंतरे घेतली आणि चहा येईपर्यंत चकती तयार करून दिली. वर, ‘एवढी जाड कशाला, वजन वाढेल,’ म्हणून मधला भाग आपणहून कोरून काढला. त्या कामाची त्याने घेतलेली मजुरी कुरिअरच्या खर्चापेक्षा कमी होती.

मात्र मूळ बैठकीत एक गोष्ट साच्यातच घडवलेली असते, जी सपाट चकतीत येत नाही. मोटरचा आस सरळ पुढे नसतो. तो किंचित खाली आणि किंचित उजवीकडे झुकवलेला असतो, म्हणजे पूर्ण थ्रॉटल दिल्यावर नाक एकदम वर उचलले जात नाही आणि विमान डावीकडे ओढत नाही. सपाट चकती लावल्यावर हा कोन वॉशर घालून परत आणावा लागतो. वरच्या दोन स्क्रूंखाली एकेक पातळ वॉशर घातला की आस खाली झुकतो, डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली घातला की उजवीकडे. माझ्या विमानात वर एक आणि डावीकडे त्याहून पातळ असा एक, एवढ्यावर भागले. हे न केल्यास चढाईच्या वेळी एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप, दाबून धरावा लागतो आणि मोटर थांबताच तोच दाब विमानाला खाली खुपसतो.

फोमची दुरुस्ती हा या विमानाचा सर्वांत समाधान देणारा भाग आहे. हा फोम साधा थर्मोकोल नव्हे. ईपीओ नावाचा, अधिक चिवट, दाबला तरी न तुटता चेपणारा प्रकार आहे. नाक चेपले तर मोटर, कंट्रोलर आणि रिसीव्हर (रिमोटचे संदेश पकडणारा भाग) काढून घ्यावेत, पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करावा आणि चेपलेला भाग दहा-पंधरा सेकंद त्यात बुडवावा. फोमचे दाबले गेलेले मणी डोळ्यांदेखत फुगू लागतात, सुरकुत्या एकेक करून उलगडतात आणि नाक जवळजवळ मूळ आकारात येते. पृष्ठभाग मात्र पूर्वीसारखा गुळगुळीत राहत नाही, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार होतो. त्याने उडण्यात फरक पडत नाही. पातेले जुने आणि वेगळे ठेवलेले असावे, हे सांगण्याची गरज नसावी.

तुटलेल्या तुकड्यांसाठी चिकटद्रव्याची निवड महत्त्वाची आहे. फेव्हिक्विक साध्या थर्मोकोलला विरघळवून टाकते, पण ईपीओला चालते, आणि माळावर तातडीच्या जोडणीसाठी तेच बरे. जोड मात्र ठिसूळ राहतो. पाण्यावर आधारलेले फेव्हिकॉल दोन फोमच्या मध्ये हवा न लागल्यामुळे कित्येक दिवस ओलेच राहते. गरम गोंदाची बंदूक बहुतेकांच्या हाताशी असते, पण तो गोंद वजनाने जड, आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या विमानात मऊ होऊन जोड सोडतो. मी भार घेणारा प्रत्येक जोड लवकर सुकणाऱ्या अराल्डाइटने करतो, आणि त्यात आडवी बांबूची कामटी बसवतो. बाजारातील कार्बनची सळई अधिक ताठ असते हे खरे, परंतु कामटी फोमइतकीच थोडी वाकते, त्यामुळे पुढच्या आपटीत जोडाशेजारचा फोम फाटत नाही. दुरुस्ती शेपटीकडे असेल तर मात्र हात आखडता घ्यावा. शेपूट गुरुत्वमध्यापासून दूर असल्यामुळे तिथे वाढलेला एक ग्रॅम नाकाकडे दोन-तीन ग्रॅम मागतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पंखाखाली दोन बोटे धरून विमान तोलून पाहावे आणि बॅटरी पुढे-मागे सरकवून मध्य जागेवर आणावा.

पंखांच्या जोडाकडे लोकांचे दुर्लक्ष होते. दोन्ही पंख एका कार्बन नळीवर ओवले जातात, आणि ती नळी ज्या फोमच्या खोबणीत शिरते ती खोबण वापराने लंबगोल होते. पंखाचे टोक वर उचलून पाहिल्यावर मुळाशी खट् असा आवाज आला, तर खोबण सैल झाली असे समजावे. नळीभोवती टेपचा एक वेढा देऊन वर्षभर निभावता येते; त्यानंतर कागदाची नळी अराल्डाइटने आत बसवणे हा पक्का इलाज. काचतंतूंची टेप पंखाला लावायची असेल तर खालच्या बाजूने लावावी. उडताना पंख वर वाकतो आणि ताण खालच्या पृष्ठभागावर येतो. वरून लावलेली टेप दिसायला छान, कामाला शून्य.

सर्वो नऊ ग्रॅमचे, प्लॅस्टिक दात्यांचे येतात. एलेरॉनचे, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या कडेवरील झडपांचे, सर्वो पंखाखालून बाहेर आलेल्या काड्यांमुळे गवतात अडकतात आणि दाते जातात. धातूच्या दात्यांचे सर्वो बसवणे हा रास्त खर्च आहे, परंतु ते बहुधा अधिक प्रवाह ओढतात आणि या सर्वांना वीज पुरवतो तो कंट्रोलरच. ज्या प्रकारात फ्लॅपही (उतरताना वेग कमी करणाऱ्या पंखावरच्या झडपा) असतात, म्हणजे एकूण सहा सर्वो, त्यात सगळे एकदम धातूचे बसवल्यास पुरवठा अपुरा पडून रिसीव्हर हवेत क्षणभर बंद होऊ शकतो. एलेरॉनचे दोन धातूचे आणि बाकीचे मूळचे, अशी विभागणी पुरेशी आहे. एलिव्हेटरची वाकलेली काडी बदलायची झाली तर सायकलचा स्पोक उत्तम चालतो. तो कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळतो आणि मूळ काडीपेक्षा ताठ असतो.

बॅटरीबद्दल थोडक्यात. पूर्ण भरलेल्या सेलचे व्होल्टेज ४.२ असते, पण भरलेली बॅटरी कपाटात ठेवून दिली की ती फुगते. ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरू नये. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करावे. गादीवर किंवा लाकडी टेबलावर करू नये.

कायद्याची बाजू फार जाचक नाही, पण ती माहीत असावी. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि दोन किलोपर्यंतचे यान सूक्ष्म गटात येते, आणि व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी या गटाला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. अधिकृत नकाशावरील हिरव्या क्षेत्रात, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या भागात, उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. कराडच्या धावपट्टीच्या परिसरातील मंडळींनी मात्र अधिकृत नकाशा पाहिल्याशिवाय रिमोट हातात घेऊ नये.

साताऱ्यात या विमानाचा खरा शत्रू ऊस आहे. आडसाली ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो आणि त्यात पडलेले पांढरे विमान दहा फुटांवरूनही दिसत नाही. रिसीव्हरच्या एका मोकळ्या चॅनेलवर, रिमोटवरून वाजवता येणारा बझर जोडण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे, आणि तो पहिल्याच दिवशी करावा. शिवाय ज्याच्या रानाशेजारी उडवायचे त्याला आधी विचारावे. एकदा आम्ही चुकीच्या फडाकडे निघालेलो पाहून बांधावरून एका शेतकऱ्याने हाक दिली, ‘ओ पावनं, तुमचं इमान हिकडं नाय, पल्याडच्या फडात पडलंय.’ ‘काका, ऊस मोडत नाही, सरीतनंच जातो,’ म्हटल्यावर तो स्वतःच कोयता घेऊन पुढे झाला आणि पाचट बाजूला सारत बझरच्या आवाजावर आमच्याआधी पोचला. विमानाच्या पंखांवर उसाच्या पानांचे ओरखडे तेवढे राहिले.

हे विमान कोणी घेऊ नये, तेही सांगतो. ज्यांना वेग हवा आहे, उलटेपालटे उडवायचे आहे, किंवा सुट्टीच्या दिवशी फक्त खोक्यातून काढून उडवायचे आणि परत ठेवायचे आहे, त्यांना याचा कंटाळा येईल. मी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सोडून अकरा हजार रुपये दिले आणि ते आजही मला जास्त वाटत नाहीत. वापरलेले घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला उडवून दाखवायला सांगावे आणि मोटर थांबल्यावर पाती मिटतात का, हे पाहावे. नंतर पंख जोडून टोक उचलावे, मोटर चारी दिशांना हलवावी, प्रत्येक सर्वो हाताने हळूच फिरवून दाते अडखळतात का ते बोटांना कळू द्यावे. मोटरचा आस वाकलेला असेल तर पंखा हळू फिरवताना पात्यांची टोके एका पातळीत येत नाहीत. हे दिसले तर नव्या मोटरची किंमत वजा करून भाव सांगावा. बॅटरी सोबत देत असतील तर ती घ्यावी, पण तिचे पैसे देऊ नयेत.